दाराशी अडलेला आवाज

माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात एकही डबा मुका नाही. प्रत्येकावर चिठ्ठी आहे. साखर, मीठ, खायचा सोडा, धुण्याचा सोडा. सगळ्यात वरच्या फळीवर एक पितळी डबा आहे आणि त्यावर तिच्या ताठ अक्षरात लिहिलंय, ‘यात काय आहे ते आठवत नाही. फेकू नये.’ आम्ही भावंडांनी यावरून तिची पुष्कळ टिंगल केली. ती ऐकून घेते आणि म्हणते, “चिठ्ठी नसलेली तार एकदा सहा तास शोधत बसा, मग हसा.”

चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सुरुवातीला कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात दोऱ्या खोचून, माणसाला माणूस जोडून द्यायची. मग ते बोर्ड गेले, कपाटाएवढी यंत्रं आली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करावे लागले. बरोबरीच्या बायकांनी बदल्या मागून घेतल्या. आत्यानं एक वही घेतली आणि हुकूम पाठ केले, लहानपणी पाढे केले तसे. त्यामुळं निवृत्तीनंतर मुलानं टाकून दिलेल्या संगणकावर तिनं हुकूम टाइप करून चालवायचं लिनक्स घातलं तेव्हा तिला नवं काही वाटलंच नाही. माहेरची बोली कानावर पडावी तसं वाटलं. आतोबा कुरकुरायचे, “बाकीच्यांच्या बायका संध्याकाळी बागेत जातात, आमची यंत्राशी बोलते.” त्यावर ती शांतपणे म्हणायची, “यंत्र मध्येच तोंड घालत नाही.”

निवृत्तीनंतर ती ज्या कचेरीत लागली ती दोन जिने चढून गेल्यावर आहे. तीन खोल्या. खाली सलून, शेजारी झेरॉक्सचं दुकान. दारावर पाटी नाही. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका इथं येतात. त्यांना काही महिने सुरक्षित राहता यावं म्हणून कचेरीनं शहराच्या वेगवेगळ्या टोकांना पाच घरं भाड्यानं घेतलीत. त्या घरांचे पत्ते फक्त दोघींना ठाऊक असतात. एक, कचेरी चालवणाऱ्या मोठ्या बाई. दुसरी, सगळ्या नोंदी ठेवणारी माझी आत्या. तिला तिथं ऑपरेटरबाई म्हणतात. येणाऱ्या बायकांची नावं कोणी उच्चारत नाही, त्या आपापल्या कामावरून ओळखल्या जातात.

कचेरीचे नियम थोडे आहेत, पण कडक. घरातल्या बाईनं मदतीच्या नंबरशिवाय दुसऱ्या कुठल्याही नंबरचा फोन उचलायचा नाही. ड्रायव्हरनं दारात जायचं नाही. त्याला घर सांगत नाहीत, फक्त गल्ली सांगतात. मदतीच्या फोनवर समोरच्याचा नंबर उमटत नाही. तो मुद्दामच तसा करून घेतलाय, उद्या कोणी घुसून यंत्र उचलून नेलं तरी त्यातून काही हाती लागू नये म्हणून. आणि त्या फोनवर कोणी नुसतं गप्प राहिलं तरी आपण होऊन फोन ठेवायचा नाही. बोलण्यापूर्वी माणसाला धीर गोळा करावा लागतो.

पुढचं सगळं मला आत्यानं तीन बैठकांत सांगितलं. तिनं जे गाळलं ते मोठ्या बाईंनी सांगितलं.

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला शिलाईवालीचा फोन आला. कपडे शिवून पोट भरणारी, सात वर्षांची मुलगी घेऊन दीड महिन्यापूर्वी आलेली बाई. आवाज अगदी खालचा.

“मावशी, तो समोर उभा आहे.”

“कोण?”

“कोण म्हणजे? तोच. समोरच्या दुकानाच्या पायरीवर. घराकडं बघत नाहीये. नुसता उभा आहे.”

पोलिसांना कळवलं. गस्तीची गाडी दोन फेऱ्या मारून गेली, तेव्हा पायरी रिकामी होती. गाडी गेल्यावर तो परत आला. शिलाईवालीला तिथून हलवायचं तर नव्यानं भाड्यानं घेतलेलं घर मंगळवारी दुपारीच ताब्यात येणार होतं. तोवर दाराला आतून दोन कड्या आणि एक शिलाई मशीन सरकवून ती बसून राहिली.

कचेरीत वेगळीच धास्ती होती. पत्ता दोघींनाच ठाऊक, मग तो बाहेर गेला कसा? गल्ली माहीत असणारा तिसरा माणूस एकच, ड्रायव्हर. कोणी त्याला काही बोललं नाही, पण त्या दिवशी त्याला कोणी चहाही विचारला नाही. अकरा वाजता तो स्वतःच आत आला आणि त्यानं गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

“बाई, गाडी पेट्रोलवर चालते, पण माणूस विश्वासावर चालतो. टाकी रिकामी झाली असेल तर सांगा, मी निघतो.”

आत्या म्हणाली, “बसा हो. मला दुपारपर्यंत वेळ द्या.”

तिचं मन तारांकडं धावलं होतं. कचेरीत इंटरनेट एका मोडेममधून येतं आणि तिथून सगळ्यांना वाटलं जातं. नोंदींचा संगणक, प्रिंटर, मदतीचा फोन, कारण हल्लीचे फोनही नेटवरूनच चालतात, आणि बाहेरच्या खोलीत ताटकळणाऱ्या बायकांसाठी वायफाय. त्या बायकांना आईला, बहिणीला निरोप धाडता यावा म्हणून मोठ्या बाईंनी हट्टानं पासवर्ड भिंतीवर लावला होता. आत्यानं मोडेमची आतली यादी उघडली. त्यात गेल्या काही दिवसांत जोडल्या गेलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव असतं. शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी एक नवा फोन जोडला गेला होता आणि पंचवीस मिनिटं जोडलेला होता. शुक्रवारी दुपारी बाहेरच्या खोलीत कोणीच नव्हतं.

तिनं शिलाईवालीला मदतीच्या नंबरवरून फोन लावला.

“तुझ्या नवऱ्याच्या फोनचं नाव काय गं?”

“नंबर?”

“नंबर नाही. त्याच्या फोनवरून तू नेट घ्यायचीस तेव्हा काय नाव दिसायचं?”

“वाघ.”

“त्यानं स्वतःच ठेवलेलं?”

“मग काय मी ठेवणार होते?”

यादीत तेच नाव होतं. पाटी नसली तरी कचेरी कुठं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, वायफाय खाली सलूनच्या बाकापर्यंत पोचत होतं आणि पासवर्ड कोणाही आल्यागेल्याला विचारला असता तरी मिळाला असता. पण आत्याला बोचलं ते पुढचं. आत शिरलेल्या फोनला आजूबाजूच्या संगणकांची नावं दिसतात. कचेरीत तीन संगणक होते. आत्यानं, आपल्या सवयीप्रमाणे, तिघांना नीट नावं दिली होती. ‘पत्रव्यवहार’, ‘छपाई’ आणि ‘घरांचे पत्ते’. तिसऱ्याला कुलूप नव्हतं, कारण तो दोघींशिवाय कोणी उघडत नसे.

“चोरानं अंधारात चाचपडत यायला हवं होतं,” ती मला म्हणाली. “मी त्याच्यासाठी पाट्या लावून ठेवल्या.”

ड्रायव्हरला तिनं सगळ्यांदेखत चहा करून दिला. मोठ्या बाईंनी किल्ल्या परत त्याच्या हातात ठेवल्या. तो म्हणाला, “साखर जरा जास्त घालायची होती, आज तेवढा हक्क आहे माझा.” मग कामाला सुरुवात झाली.

नेट बंद करणं शक्य नव्हतं, ते बंद म्हणजे मदतीचा फोन बंद. भिंतीवरचा पासवर्ड आत्यानं काढू पाहिला तर मोठ्या बाई आडव्या आल्या. “एका गुंडासाठी पन्नास बायकांचं तोंड बंद करू?” आत्यालाही ते पटलं. मग उरला एकच मार्ग. सगळ्या वाटा एका दारातून न्यायच्या आणि त्या दारात पहारेकरी बसवायचा.

पहारेकरी टेबलाखालीच होता. कोणीतरी दान दिलेला जुना संगणक. त्यावर दोन वर्षं मोठ्या बाई पाय ठेवून बसत. आत्यानं त्याची धूळ पुसली, बंद पडलेल्या दुसऱ्या दोन यंत्रांतली नेटवर्कची कार्डं काढून त्यात बसवली आणि लिनक्स घातलं. आता त्या डब्याला तीन केबली जोडता येत होत्या. एक मोडेमकडून येणारी, एक कचेरीच्या यंत्रांकडं जाणारी, एक पाहुण्यांच्या वायफायची. मग तिनं नियम लिहिले. पाहुण्यांनी बाहेरच्या जगात खुशाल जावं, कचेरीच्या बाजूला फिरकू नये. कचेरीतून बाहेर जाणाऱ्याला अडवू नये. बाहेरून, न बोलावता, कोणीही आत येऊ नये. आणि ज्याला ज्याला नाकारलं त्याची नोंद पडद्यावर उमटावी.

एक्स्चेंजमध्ये तिला शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, जोडण्याआधी विचारा : कोण, कुठून, कोणाकडं. “तेच आहे हो सगळं,” ती बाईंना म्हणाली. “तेव्हा मी विचारायची, आता हा विचारेल.”

“पण याला माणसं कळतात का?”

“मला तरी कुठं कळली?”

मंगळवारी सकाळी अकराला काम झालं. पत्रं जात होती, छपाई होत होती. मदतीचा फोन तपासायला तिनं आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. घंटी खणखणीत वाजली. तिनं समाधानानं मोबाइल बंद केला आणि वहीत ‘फोन’ या शब्दापुढं बरोबरची खूण केली.

ठरलं होतं ते असं. बारा वाजता ड्रायव्हर मागच्या गल्लीत गाडी लावेल, शिलाईवाली मुलीला घेऊन मागच्या दारानं येईल. बारा वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हरनं मोठ्या बाईंच्या मोबाइलवर सांगितलं, “आल्या नाहीत अजून.” बारा पंधराला मदतीचा फोन वाजला.

आत्यानं उचलला. “बोल, मी ऐकतेय.”

काही नाही.

“सावकाश बोल. मी आहे.”

पाऊण मिनिटानं फोन कटला. लगेच परत वाजला. परत तेच. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, “घाबरली असेल. बोलू द्या.” आत्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. रिसीव्हर कानावर दाबून ती ऐकत राहिली. तिनं चौतीस वर्षं माणसांचं गप्प बसणं ऐकलं होतं. गप्प माणसाच्या मागं खोली असते. पंखा असतो, भांडं असतं, लांबचं एखादं वाहन, नाही तर नुसता श्वास. इथं खोलीच नव्हती.

“हे माणसाचं गप्प नाही,” ती म्हणाली. “तारेचं आहे.”

तिनं मान वळवली. डब्याच्या पडद्यावर ओळींमागून ओळी पळत होत्या. नाकारलं. नाकारलं. नाकारलं. एका सेकंदात पन्नास. सगळ्या बाहेरच्या एकाच ठिकाणाहून आलेल्या. तेवढ्यात फोन कटला आणि ओळी जागच्या जागी थांबल्या.

मला हे सांगताना आत्यानं पाण्याचा पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. त्या ओळी म्हणजे शिलाईवालीचं बोलणं होतं. ती तिकडं कुजबुजत होती, आणि तिचा शब्द न् शब्द आत्यानं बसवलेल्या दारातून माघारी फिरत होता.

“बाई, चूक माझी आहे,” आत्या म्हणाली. “सकाळी मी नुसती घंटी वाजवून बघितली. आमच्या काळी घंटी आणि आवाज एकाच तारेनं यायचे. घंटी वाजली की लाइन पास, उचलून कोणी बघत नव्हतं. आता घंटी एका वाटेनं येते आणि आवाज दुसऱ्या. ती दुसरी वाट मी बंद करून बसले.”

“मग काढा तो डबा! पूर्वीसारखं जोडा सगळं!”

आत्याचा हात केबलकडं गेलाही होता. तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ आली. मग तशीच दुसरी. ही फोनची नव्हती. पाहुण्यांच्या वायफायवरून कोणीतरी नोंदींच्या संगणकाचं दार ठोठावत होतं. ओळीच्या शेवटी त्या यंत्राचं नाव होतं. वाघ.

मोठ्या बाईंनी ते वाचलं. “इथं? आत्ता?”

“नवा पत्ता शोधायला आलाय. तिला हलवणार हे त्यानं ओळखलं.”

बाई खिडकीशी गेल्या. सलूनबाहेरच्या बाकावर तीन पुरुष बसले होते. तिघांच्या माना फोनमध्ये.

“यातला कुठला?”

“ते पडद्यावर दिसत नाही.”

“मी खाली जाते.”

“नका जाऊ. बसू दे त्याला. जोवर तो ठोठावतोय तोवर तो इथं आहे. हा डबा काढला तर फोन पुन्हा जागेवर यायला पाच मिनिटं जातील, आणि हा कुठं आहे ते कळायचंही बंद होईल.”

ज्या ठिकाणाहून आवाज येत होता त्याला आत सोडावं असा नियम तिनं लिहिला. घाईत एक आकडा दोनदा चुकला. फोन तिसऱ्यांदा वाजला. तिनं उचलला. परत पोकळी. पडद्यावर पुन्हा ओळी, पण ठिकाण निराळं. फोन कंपनीकडं आवाज पाठवायची एक वाट नव्हती, अनेक होत्या, आणि त्यांची यादी कंपनीकडंच. मोठ्या बाईंनी आत्याच्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी सुरू झाली.

आत्यानं रिसीव्हर खाली ठेवला नव्हता. बाहेर जाणाऱ्या कशालाच तिनं अडवलं नव्हतं. म्हणजे तिचा आवाज तिकडं पोचत असणार. मोबाइलवरून लावला तर नियमाप्रमाणे शिलाईवाली तो उचलणार नव्हती.

“पोरी, ऐक. तुझं बोलणं मला येत नाहीये, माझं तुला येतंय. बिघाड इकडं आहे, तुझ्याकडं नाही. आता मी विचारीन आणि तू फोन ठेवून परत लावायचास. मी उचलणार नाही. उत्तर हो असेल तर दोन घंट्या वाजू दे आणि तोड. नाही असेल तर चार. त्यानंतर परत लाव, तेव्हा मी पाचव्या घंटीला उचलेन. मिस कॉल देतेस ना, तसंच. तू शिलाईवाली असशील आणि हे कळलं असेल, तर दोन दे.”

फोन कटला. खोलीत फक्त मोबाइलमधली बासरी. मोठ्या बाईंनी तो उशीखाली दाबावा तसा पोटाशी धरला.

घंटी. घंटी. शांतता.

मग फोन परत वाजू लागला. आत्यानं पाच मोजून उचलला.

“तो तुझ्या समोर आहे का?”

एक. दोन. तीन. शांतता.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तीन म्हणजे काय? मोठ्या बाई ओठांनीच म्हणाल्या, “दुसरंच कोणी असेल?” असू शकत होतं. त्या नंबरवर दिवसाला वीस फोन येतात. कोणाचा तरी धीर तिसऱ्या घंटीला संपला असेल. आत्या हलली नाही. फोन परत वाजला. एक, दोन, तीन, चार. शांतता.

“नाही,” आत्या म्हणाली. “समोर नाही.”

पुढच्या खेपेला उचलल्यावर तिनं विचारलं, “दिसत नाही म्हणून भीती वाटतेय? दारामागं असेल असं वाटतंय?”

दोन.

आता सांगायचं तेवढं राहिलं होतं. पण मोठ्या बाईंनी तिचा दंड धरला. “ऑपरेटरबाई, इथं त्याचा फोन आहे. तो आहेच कशावरून? भावाला बसवून ठेवलं असेल. आपण तिला बाहेर काढू आणि तो मागच्या दारात असेल.”

आत्याच्या मनात हे आलं नव्हतं. तिनं पडद्याकडं पाहिलं. वाघ. वाघ. वाघ. यंत्र फक्त कोण एवढंच सांगत होतं, आणि तेही दुसऱ्या यंत्राबद्दल. फोन वाजला. पाचवी घंटी.

“पोरी, एक सांग. तो आपला फोन कधी दुसऱ्या कोणाच्या हातात देतो का? भावाच्या, मित्राच्या, कोणाच्याही?”

हे उत्तर यायला वेळ लागला. आत्या म्हणते, तेवढ्या वेळात तिनं टेबलावरच्या काचेखालचे सगळे कागद वाचले, त्यातलं एक अक्षर आज आठवत नाही. मग घंटी सुरू झाली. एक. दोन. तीन.

चार.

“नाही देत,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. “मेला बायकोलासुद्धा हात लावू देत नसेल.”

परत घंटी, परत पाच. रिसीव्हर कानाला लावताना आत्याची नजर पडद्यावर होती, आणि त्याच क्षणी वाघाच्या ओळी थांबल्या. तिनं दहा आकडे मोजले. नवी ओळ आली नाही. मोठ्या बाई खिडकीशी धावल्या आणि त्यांनी तिथूनच एक बोट वर केलं. बाकावरचा एकजण उठला होता. हेल्मेट घालत होता.

आत्याच्या आवाजात काही बदललं नाही. एक्स्चेंजमध्ये आग लागली होती तेव्हाही ती अशाच आवाजात ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणत होती, असं आतोबा सांगतात.

“तो तुझ्याकडं नाही. आमच्या दाराखाली होता, आत्ता इथून उठलाय. तुझ्यापर्यंत यायला त्याला पंचवीस मिनिटं लागतील. तुला मागच्या गल्लीपर्यंत जायला दोन लागतील. मशीन सोड, कपडे सोड. पोरीचा हात धर आणि निघ. निघत असशील तर दोन दे, आणि पुढं फोन करत बसू नकोस.”

घंटी. घंटी.

बारा एक्केचाळीस. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि कोपऱ्यावर वळून गेला. बासरी संपली. “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?” मोठ्या बाईंनी मोबाइल आत्याच्या हातात कोंबला आणि आपल्या मोबाइलकडं बघत उभ्या राहिल्या. आत्यानं कंपनीच्या मुलीला नीट, न रागावता, काय हवं ते सांगितलं. तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही एकदा यंत्र बंद करून चालू करून पाहिलंत का?” आत्या म्हणाली, “बाळ, मी एकदाच नाही, चौतीस वर्षं बंद करून चालू केलीत. तू मला आवाजाच्या वाटांची यादी दे.” आकडे ती वहीत उतरवत असताना बाईंचा मोबाइल वाजला.

“बसल्या,” ड्रायव्हर म्हणाला. “दोघी बसल्या. पायात चप्पल नाही पोरीच्या, बाकी ठीक.”

मोठ्या बाईंनी नुसतं “मोठ्या रस्त्यानं नको” एवढं म्हटलं आणि फोन बंद करून पदरानं तोंड पुसलं.

आत्यानं नियम लिहिला, दोनदा वाचला, लागू केला. मग ती म्हणाली, “बाई, जिन्यात जा आणि मदतीच्या नंबरवर फोन करा. मी उचलला की बोला.”

“काय बोलू?”

“काहीही.”

घंटी वाजली, आत्यानं उचलला. क्षणभर काही नाही, मग अगदी स्वच्छ ऐकू आलं, “ऑपरेटरबाई, तुम्ही आज माझं आयुष्य पाच वर्षांनी कमी केलंत.”

“आलं ऐकू,” आत्या म्हणाली. तिनं वहीतली सकाळची खूण खोडली आणि पुढं लिहिलं, ‘बोलून पाहिले.’

पुढं पोलीस, वकील, आणि पडद्यावरच्या त्या ओळींचे छापील कागद असं लांबलचक प्रकरण झालं. सलूनवाल्यानं तो माणूस ओळखला. ते सगळं मोठ्या बाईंनी केलं आणि अजून करताहेत. आत्या त्यातलं काही सांगत नाही, विचारलं तर “त्यांचं काम त्या करतात” म्हणते. ती सांगते ते त्याच दुपारचं, पावणेतीनचं.

ड्रायव्हरनं ‘सोडलं’ असं कळवून दहा मिनिटं झाली होती. मदतीचा फोन वाजला. आत्यानं पहिल्याच घंटीला उचलला, पण नेहमीसारखं ‘बोल’ म्हणाली नाही. ऐकत राहिली. आधी एक लांब श्वास आला. त्यामागं रिकाम्या खोलीचा घुमारा, आणि लहान पावलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावणारी, अनवाणी.

“मावशी,” शिलाईवाली म्हणाली. “आता येतोय का माझा आवाज?”

“येतोय.”

बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. आत्याला त्या गप्प बसण्यातलं सगळं ऐकू येत होतं.

“मावशी, इथं फार कोंडलंय. मागच्या बाजूची खिडकी उघडली तर चालेल?”

दीड महिन्यात त्या बाईनं एकही खिडकी उघडली नव्हती.

“उघड,” आत्या म्हणाली.

तिकडं कडी गंजलेली असावी. दोनदा खटखट झालं, शिलाईवालीनं मुलीला काहीतरी म्हटलं, दोघींनी मिळून जोर लावल्याचा आवाज आला. मग खिडकीचं दार भिंतीवर आपटलं आणि रिसीव्हरमधून एका अनोळखी रस्त्याची सगळी वर्दळ आत्याच्या कानात आली.